पाटाला कागद नसतो

फेब्रुवारी लागला की गोव्यातल्या आमच्या कुळागरातला, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेतला, झर बारीक होतो आणि पाण्याची पाळी सुरू होते. वर तळी, तळीतून निघालेला पाट आणि पाटावर तीन कुळागरं, अशी ही जुनी मांडणी. सकाळचं पाणी आमचं. भिरंडीच्या, म्हणजे कोकमाच्या, झाडाची सावली पाटाकडेच्या काळ्या फातरावरून, म्हणजे दगडावरून, सरली की आमच्या बाजूचं तोंड चिखलानं आणि पोफळीच्या विरीनं बांधायचं आणि पाणी खालच्यांना सोडायचं. यंदा मी घरी होते तेव्हा काका असेच तोंड बांधायला वाकले होते. खालचं कुळागर काही वर्षांपूर्वी विकलं गेलं. नव्या मालकाचा मुलगा पाटावर उभा होता. चांगला, मान देऊन बोलणारा मुलगा. त्याला ठिबक बसवायचं आहे आणि त्यासाठी रोज किती तास पाणी आपलं हे नेमकं कळायला हवं. त्यानं विचारलं, ‘‘काका, हें खंय बरयलां?’’ हे कुठं लिहिलंय? काका उठले. खोरं पाण्यात हलवून धुतलं, खांद्यावर टाकलं आणि ‘‘सगळ्यांक खबर आसा’’ एवढंच म्हणून घराकडे चालू लागले. मी तिथंच राहिले, सुक्या पानांखालून पाणी खाली सरकताना होणारी खसखस ऐकत.

मुलाचा प्रश्न रास्त होता आणि काकांचं उत्तर खरं होतं. म्हणूनच तो प्रसंग मनातून जाईना.

घरी माडीवर आजोबांची लाकडी पेटी आहे. तिच्यात लाल खारव्यात बांधलेली दप्तरं. झाकण उघडलं की आधी कापराचा वास येतो, मग जुन्या कागदाचा, आणि बोटांना लगेच कसरीनं पाडलेली भोकं लागतात. मोडी वाचणारे एक स्नेही आले होते, त्यांच्याकडून मी जमेल तेवढं वाचून घेतलं. कर्जाचे रोखे निघाले, खंडाच्या पावत्या निघाल्या, देवळातल्या मानाविषयीची खरमरीत पत्रं निघाली. बांधावरच्या एका फणसाच्या झाडाबद्दल तर गठ्ठाच आहे. दोन घरांच्या दोन पिढ्या त्या फणसावर लिहीत राहिल्या. पाण्याच्या पाळीबद्दल मात्र एक ओळ नाही. वर्षानुवर्षं रोज सकाळी ज्या पाण्यासाठी घरातलं कोणी ना कोणी पाटावर गेलं, त्याच्याबद्दल काहीच नाही. स्नेही हसून म्हणाले, ‘‘पाण्यावरून तुमच्याकडे भांडण झालं नसणार.’’ जुन्या काळच्या रूढींचा कायदा समजून घ्यायचा तर हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. जिथं खटका उडाला तिथं शाई सांडली. जिथं सगळं सुरळीत चाललं तिथं कागद कोराच राहिला, किंवा कागद आणलाच गेला नाही.

याज्ञवल्क्यानं पुराव्याची तीन साधनं सांगितली आहेत: लिखित, भुक्ती आणि साक्षी. तिन्हींपैकी काहीच नसेल तर दिव्य, म्हणजे निकाल देवावर सोडणारी कसोटी. या श्लोकात लिखित पहिलं आलं आहे खरं, पण भुक्ती, म्हणजे आपण ज्याला भोगवटा म्हणतो तो, त्याच्या मांडीला मांडी लावून बसला आहे. सावली फातरावरून सरेपर्यंतचं पाणी आमच्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या घेतलं, खालच्यांनी ते बघितलं आणि हरकत घेतली नाही, हासुद्धा त्या जुन्या न्यायात पुरावाच. काकांना श्लोक ठाऊक नाही. पण ‘सगळ्यांक खबर आसा’ या त्यांच्या उत्तरात भुक्ती आणि साक्षी दोन्ही आहेत. आज हे पुरावे कुणी पुरावे मानायला तयार नाही, आणि त्यानं काका दुखावले. आपल्या आयुष्यभराच्या साक्षीला कुणी किंमत देत नाही असं त्यांना त्या सकाळी वाटलं असणार.

मग लोक लिहायचे तरी कधी? याचं उत्तर शोधत मी एका दुपारी बांदिवड्याला नागेशीच्या देवळात गेले. तिथं आवारात 1413 सालचा शिलालेख आहे, विजयनगरच्या अमलातला. मायी शेणवी वाघळे यांनी नागेश आणि महालक्ष्मी या देवतांसाठी जमिनी दिल्या, त्याची ती नोंद. त्या दगडापुढे उभं राहिलं की एक गोष्ट लगेच ध्यानात येते: हा मजकूर पेटीत ठेवायचा नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाटेवर, उन्हापावसात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तो उभा केला आहे. अक्षरं झिजली आहेत, बोट फिरवलं की काही खोबणी लागतात, काही लागत नाहीत. दान ही नवी घटना होती. कालपर्यंत जमीन एकाची होती, आजपासून देवाची झाली. गावाच्या आठवणीत ती अजून मुरलेली नव्हती, म्हणून ती दगडाला सांगून ठेवली. रोजची रीत मात्र दगडावर कोण कोरणार? कोकणात शिलाहारांच्या काळातल्या दानलेखांवर पुष्कळदा गाढवाचं ते अभद्र चित्र कोरलेलं असतं, गद्धेगळ. दान मोडणाऱ्याच्या आईला दिलेली शिवी. आज बघताना अंगावर येतं आणि एका पुरुषाच्या गुन्ह्यासाठी बाईच्या अब्रूवर का जायचं याचा संतापही येतो. पण त्या चित्रामागची गरज मला कळते. वर कोरलेली ओळ वाचणारे गावात किती असतील? चित्र मात्र गुराख्यालाही कळायचं. जमीन बळकावू पाहणाऱ्याला जेवढं कळायला हवं तेवढं, अक्षरओळख नसलेल्यालाही कळावं, अशी ती तजवीज होती.

महजरांच्या, म्हणजे जुन्या निवाडापत्रांच्या, शेवटी येणाऱ्या निशाण्या पाहिल्या आहेत कधी? वतनाचा किंवा शिवेचा तंटा गोतसभेपुढे आला की निवाड्याच्या कागदावर जमलेल्या सगळ्यांची नावं यायची. ज्याला लिहिता येई तो सही करी. ज्याला येत नसे तो आपल्या धंद्याचं चिन्ह काढी, किंवा कुळकर्णी त्याच्यासाठी काढी. कुणब्याचा नांगर, सुताराचं हत्यार, बाईची बांगडी. शाईच्या दोन फराट्यांचा तो नांगर मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ त्यावरून नजर हलली नाही. ज्याच्या हातात लेखणी कधी आली नाही, त्याचा हात कागदावर पोचला होता. महजर मुळात सभेत, सगळ्यांसमक्ष व्हायचा. कागदाला वजन यायचं ते ऐकणाऱ्या कानांमुळे. पुढे तो कागद खोटा आहे असं कुणी म्हणालाच, तर पुन्हा माणसांकडेच जायचं: त्या दिवशी सभेला कोण होतं, कुणी काय ऐकलं.

आणि माणसांनीही तड लागली नाही तर दिव्य. उकळत्या तेला-तुपातून धातूचा रवा काढायचा, हात बांधून त्यावर मोहर लावायची, नेमल्या दिवशी सगळ्यांसमोर उघडून बघायचा. पोळला तर खोटा. आपल्याला हे क्रूर वाटतं आणि ते होतंच. पण त्यातली एक बारीक गोष्ट मला विसरता येत नाही. दिव्याला उभ्या राहणाऱ्याच्या कपाळाला त्याचं म्हणणं लिहिलेली पट्टी बांधत. तिला भाळपत्री म्हणत. शब्दांनी निवाडा होणार नाही हे ठरल्यावरही शब्द बांधले जात, ज्याच्या त्याच्या कपाळावर, म्हणजे हात कशासाठी तेलात जातोय याबद्दल मागाहून कुणी फिरू नये. लिखाणाचं त्या जुन्या न्यायातलं स्थान मला या पट्टीत दिसतं. निकाल देव देणार. नेमका कशावर, हे ती पट्टी बांधून ठेवणार.

गोव्याच्या जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या तिसवाडी, बार्देश, सासष्टीत, ही सगळी गोष्ट निराळ्या वाटेनं गेली. गांवकारी तिथं पोर्तुगिजांच्या आधीपासून चालत होती. गावची जमीन गांवकारांची सामाईक, तिचा लिलाव, बांधांची दुरुस्ती, मानसांची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांची, देखभाल, देवळाचा खर्च, सगळं सभेत ठरायचं. ठरायचं ते एकमतानं. बहुमत हा प्रकारच नव्हता. एका गांवकारानं ‘नाक’, म्हणजे ‘नको’, म्हटलं की ठराव तिथंच अडायचा. सगळ्यांची ‘हो’ झाली की कुळकर्णी तो नेम वहीत लिहायचा, त्या काळच्या गोयकानडी अक्षरात. मी विचार करते तो त्या अडलेल्या ठरावांचा. सभेत आवाज चढले असतील, कुणी उठून गेला असेल, कुणी रात्री त्याच्या घरी जाऊन त्याला समजावलं असेल. त्यातलं वहीत काय येणार? आला तो शेवटचा, सगळ्यांनी मान डोलावलेला नेम. ती वही वाचणाऱ्याला गाव कायम एकमताचाच दिसणार.

1526 साली पोर्तुगिजांच्या महसूल खात्याचा प्रमुख आफोंसो मेशिया यानं तिसवाडीतल्या या रीती लिहून काढल्या. तो फोराल, म्हणजे सनद. येत्या-जात्या कायद्याच्या चर्चेत त्याचं नाव आजही निघतं आणि 2026 साली त्याला पाचशे वर्षं होतात. सुरुवातीलाच तो सांगतो की फार पूर्वी चार माणसं पडीक जमिनीवर आली, त्यांनी ती लागवडीला आणली आणि पुढे त्यांच्याच वंशाला गांवकार म्हणू लागले. हे वाचताना मला आमच्याकडच्या म्हाताऱ्यांचा सूर ऐकू येतो. कुणीतरी हे तोंडानं सांगितलं असणार, ‘आदीं चार जाण आयले...’ अशी सुरुवात करून, आणि परक्या भाषेतल्या लेखनिकानं ते उतरवून घेतलं. ताळगांवानं भाताची कापणी सगळ्यांच्या आधी करायची, पहिली कणसं वाजतगाजत न्यायची, हा मानही त्यात नोंदला आहे, आणि ताळगांवात ऑगस्टमध्ये कणसांचं फेस्त अजून होतं. गावातलं वतन गांवकारांना न विचारता कुणी विकायचं नाही, हेही त्यात आहे. हरलेल्यांच्या रीती विजेत्यानं इतक्या काळजीनं लिहिल्या, त्या प्रेमापोटी नव्हेत. सारा ठरवायचा होता, कुणाकडून किती यायचं ते पक्कं हवं होतं. तरीही त्या लिखाणामुळे पुढची चार शतकं गांवकारांना दाखवायला काहीतरी राहिलं. राज्यकर्ता बदलला, देव बदलले, नावं बदलली. ‘आमचा हा हक्क तुमच्याच कागदात आहे’ असं म्हणण्याची सोय उरली. याबद्दल मला फोरालाचं ऋण वाटतं.

पण त्याच फोरालात वारसा पुरुषांकडेच जातो. मुलीला काही नाही.

हीच रीत आधीही होती, हे खरं. मेशियानं ती शोधून काढली नाही. फरक एवढाच की तोंडातली रीत घराघरात थोडी वाकते. एखादा बाप जिवंतपणी लेकीच्या नावे पाच माड लावून देतो, भाऊ विधवा बहिणीला परसातली खोली देतो, गाव बघून न बघितल्यासारखं करतं. लिहिलेल्या रीतीला असं डोळ्याआड करता येत नाही. मेशियानं विचारलं असेल ते गांवकारांना. त्यांच्या बायकांना, चिखलात उभं राहून रोप लावणाऱ्या बायांना, बांध बांधणाऱ्यांना कुणी विचारलं नसणार. नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून घेतलेल्या आमच्या अंत्रुज (फोंडा), पेडणे, सत्तरीकडच्या लोकांच्या रूढी 1853 साली संहितेत आल्या आणि त्या पोर्तुगीज भाषेच्या जोडीनं मराठीतही छापल्या गेल्या, म्हणजे ज्यांच्या त्या होत्या त्यांना वाचता तरी आल्या. पुढे 1880 साली हिंदूंच्या रूढींची वेगळी संहिता आली. तिच्यात बायकोला पंचविशीपर्यंत मूल झालं नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, तर नवऱ्याला दुसरं लग्न करण्याची मुभा आहे. रूढी म्हणून ती समाजातून केव्हाच ओसरली. कागदावर मात्र राहून गेली. तोंडी असती तर विसरली गेली असती, आणि काही गोष्टी विसरल्या जाणं हेही रूढीचं जिवंतपण असतं.

आजोबांच्या पेटीपुढे बसून मला दोन प्रकारच्या गप्पपणाची गल्लत सारखी खुपत राहिली. पाण्याच्या पाळीवर कागद नाही, कारण सगळ्यांना ती मान्य होती. आमच्याकडे तीन पिढ्या कामाला आलेल्या कुटुंबाला काय देणं ठरलं होतं, सुगीत किती भात, आजारपणात काय, यावरही कागद नाही. तेही सगळ्यांना मान्य होतं म्हणून? की त्यांना हरकत घेण्याची मुभाच नव्हती म्हणून? पेटीत दोन्ही जागा सारख्याच कोऱ्या दिसतात. मोडी वाचता आली तरी हा फरक वाचता येत नाही. त्यासाठी माणसांनाच विचारावं लागतं, आणि ती माणसं आता थोडी उरली आहेत.

मी आत्याला विचारलं. ऐंशी ओलांडलेली माझी आत्या मडगांवला राहते. फोनवर पाळीचा विषय काढला तर एकदम तिचा आवाज बदलला. लहानपणी सकाळी पाणी सोडायला तीच जायची. काका धाकटे, त्यांना पाटावर पाठवत नसत. तिनं सांगितलं ते काकांनाही पुरतं ठाऊक नव्हतं. काळा फातर शिगम्यापर्यंतच धरायचा. त्यानंतर सावली फिरते, मग खालचा, पायरीसारखा फातर. ज्यानं नवी रोपं लावली असतील त्याच्याकडे पाणी आधी जायचं, मग पाळी कुणाचीही असो. एखाद्या घरात सुतक असलं तर त्या घरचं कुणी पाटावर येत नसे. तेव्हा त्यांचं पाणी शेजाऱ्यानं सोडायचं, आणि ते सोडल्याचं बोलून दाखवायचं नाही. या शेवटच्या वाक्यावर मी तिला थांबवलं आणि पुन्हा सांगायला लावलं. ‘‘तातांनीं सांगिल्लें,’’ ती म्हणाली. म्हणजे तिच्या वडिलांनी, माझ्या आजोबांनी. पेटी ज्यांची, त्यांनी.

त्या पेटीत आत्याचं नाव एकाच कागदावर आहे. आजोबा गेल्यावर नोटरीसमोर केलेला, इंग्रजीत टंकलेला कागद. वडिलांच्या मालमत्तेतला आपला अविभक्त हक्क ती स्वखुशीनं सोडते, असं त्यात आहे, आणि खाली तिची सही, शेजारी तिच्या यजमानांची. गोव्यात मुलीला मुलाइतकाच वाटा, हे आपण देशभर अभिमानानं सांगतो आणि सांगावंही. पण कायद्यानं दिलेला वाटा रूढीनं काढून घ्यायचा असेल तर रूढीलाही कागद करावा लागतो, आणि तो ती बिनबोभाट करते. मी आत्याला विचारलं, सही करताना वाचलं होतंस का? ती म्हणाली, ‘‘वाचून दाखयलें. सगळे आशिल्ले थंय.’’ आवाजात राग नव्हता. खंत होती की नव्हती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. भाऊबीजेला माहेर टिकावं म्हणून तिच्या वयाच्या किती बायकांनी अशा सह्या केल्या असतील, आणि त्या सगळ्या कागदांवर ‘स्वखुशीनं’ असंच लिहिलेलं असेल.

खालच्या मुलाशी मी नंतर बोलले. त्यालाही भांडायचं नाही. पाळी लिहून काढायची असं तिन्ही घरांचं ठरलं आहे, साध्या मराठीत, एका वहीत, तासांबरोबर फातर आणि सावलीही त्यात घालून. सुतकाची रीत लिहावी की नाही यावर चर्चा झाली. मुलगा म्हणाला लिहूया, मधल्या घरची वयनी म्हणाली ती लिहिली की बोलून दाखवल्यासारखंच होईल, आणि मला तिचं पटलं; ती आम्ही वहीबाहेर ठेवली. काकांनी मसुदा दोनदा वाचून घेतला आणि मान हलवली. अडलंय ते एका ठिकाणी. नियम कुणी सांगितले तिथं आत्याचं नाव आणि खाली तिची सही हवी, असं माझं म्हणणं आहे. काका म्हणतात, ‘‘तिचो आतां कितें संबंद? तिणें केन्नाच सोडलां.’’ ते मुद्दाम दुखवायला बोलत नाहीत; त्यांच्या लेखी तो नोटरीचा कागद आहे आणि तो खरा आहे. तिनं सोडली ती जमीन, जे तिला माहीत आहे ते तिनं कुठं सोडलंय, हे मी त्यांना सांगून पाहिलं. गेल्या आठवड्यात पुन्हा सांगितलं. गांवकारीत एकाची ‘नाक’ असली की नेम होत नसे. सध्या या वहीपुरती ती माझी आहे, आणि आत्याचं नाव येईपर्यंत ती मी मागे घेणार नाही.